आठ दिवसांचं पाणी, आठ दिवसांचा डास

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज सकाळच्या सत्रात कापसाच्या भावावर बोलणं झालं, ज्वारीच्या खरेदीवर झालं. आता आम्ही उभे राहिलो आणि विषय सांगितला, घरातल्या पाण्याच्या ड्रमचा आणि त्यात होणाऱ्या मच्छरांचा, तेव्हा मागच्या रांगेत जरा हसाहस झाली. एक भाऊ म्हणाले, "हे काम नर्सबाईचं. संघटनेची बैठक आहे का आरोग्य शिबिर?" भाऊंचं म्हणणं आम्ही खाली पडू देत नाही. भावाचं आंदोलन सोडून साबण-फडक्याच्या गोष्टी सांगत फिरणाऱ्या मंडळींचा आम्हालाही कंटाळा आहे. तेव्हा आधी हिशेब मांडतो, मग ठरवा हा विषय संघटनेचा आहे की नाही ते.

कापूस चांगला फुटलेला असला तर एक बाई दिवसाला पंचवीस-तीस किलो वेचते. डेंग्यूचा ताप पाच-सात दिवसांचा. उतरल्यावर अंगात उभं राहायची ताकद यायला आणखी आठवडा तरी जातो. म्हणजे बारा दिवस धरा. बारा दिवसांत त्या एका बाईच्या हातून तीन क्विंटल कापूस वेचला गेला असता, तो झाडावर राहिला. त्यात अवकाळी पाऊस आला तर त्याची कवडी झाली. मजूर लावावा तर वेचणीच्या दिवसांत मजूर मिळत नाही, मिळाला तर आपल्या सोयीने येत नाही. घरचा दुसरा माणूस दवाखान्यात बसून, म्हणजे त्याचेही दिवस गेले. वर सलाइन, रक्ताच्या तपासण्या, येण्याजाण्याचं भाडं.

कृषिमूल्य आयोग आपला उत्पादन खर्च काढतो. बियाणं, खत, औषध, बैलाची मेहनत धरतो, घरच्यांच्या मजुरीलाही एक आकडा देतो. आजारपणाला त्यात रकाना नाही. खर्च तर होतो, आणि तोही नेमका वेचणीच्या, सोंगणीच्या, पेरणीच्या तोंडावर, कारण हा डास वाढतो तो पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर. भावात जो खर्च धरला जात नाही तो निदान घरात शिरू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे. म्हणून हा विषय इथे काढला.

आमच्यातल्या एका कार्यकर्त्याच्या घरी हे घडलेलं आहे. सीतादही झाली, पहिला वेचा घरात आला, आणि सुनेला ताप चढला. गावातल्या डॉक्टरने अंगदुखी कमी व्हावी म्हणून इंजेक्शन दिलं. चौथ्या दिवशी ताप उतरला, सगळ्यांना वाटलं सुटली. त्याच रात्री पोट दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, हातपाय गार पडले. जीप करून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला. पोर वाचली. पण त्या वर्षी त्या घरचा कापूस दुसऱ्या वेच्यापर्यंत शेतातच भिजला. आणि ड्रममध्ये डोकावून बघायचं कोणाला सुचलं? तिसऱ्या आठवड्यात धाकट्या मुलालाही ताप आला, तेव्हा.

गटारातला नव्हे

आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की मच्छर घाणीत होतात. गावात पोस्टर लागतं, त्यावर गटाराचं चित्र असतं, खाली लिहिलेलं असतं, स्वच्छता राखा. वाचणाऱ्याला वाटतं, गावकरी घाणेरडे म्हणून आजारी पडतात. गटारात होणारा डास आहेच. हत्तीरोग पसरवतो तो घाण पाण्यातलाच. पण डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा डास वेगळा. त्याचं नाव एडिस. काळा, अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे, म्हणून काही जण त्याला वाघ्या डास म्हणतात. याला गटार चालत नाही. याला लागतं साठवलेलं, साचलेलं, बऱ्यापैकी निवळ पाणी. म्हणजे तुमच्या रांजणातलं, सिमेंटच्या टाक्यातलं, प्लास्टिकच्या टिपाडातलं, जे तुम्ही जपून ठेवलंय तेच. जी बाई काटकसरीने पाणी भरून ठेवते, तिच्या घरात तो जास्त. तिला घाणेरडी म्हणणाऱ्या पोस्टरवाल्याने आधी आपल्या नळाचं वेळापत्रक दाखवावं.

हा डास चावतो दिवसा. सकाळी उन्हं वर येईपर्यंत आणि दिवस मावळण्याआधी त्याचा जोर. रात्री मच्छरदाणी लावून झोपलो म्हणजे झालं, असं याच्याबाबतीत चालत नाही. तो फार लांबही जात नाही. घरातच, खुंटीवर टांगलेल्या कपड्यांच्या मागे, खाटेखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात बसून राहतो. उडाला तरी बहुतेक शे-दोनशे मीटरच्या आतच. त्यामुळे तुम्हाला चावलेला डास दुसऱ्या गावाहून आलेला नसतो. तो तुमच्या घरातला, नाहीतर शेजारच्या घरातला असतो.

आता तुम्ही कपाशीचे शेतकरी आहात, त्यामुळे पुढचं समजायला तुम्हाला डॉक्टर नको. बोंडअळीची चार रूपं तुम्हाला पाठ आहेत: अंडी, अळी, कोष, पतंग. डासाचीही तीच चार आहेत. अंडी, अळी, कोष आणि पतंगाच्या जागी डास. फरक इतकाच की बोंडअळी बोंडात वाढते आणि ही अळी पाण्यात. पात्या-फुलांवरची अळी लांबून ओळखणारा आपला माणूस घरच्या रांजणातली अळी रोज बघतो आणि म्हणतो, पाण्यात किडे झाले. ते किडे नाहीत, उद्याचे डास आहेत. पाण्याच्या वरच्या थराला डोकं खाली, शेपटी वर अशा लटकलेल्या असतात; शेपटीकडच्या नळीने श्वास घेतात. वाकून पाहिलं, सावली पडली, की वळवळत तळाला जातात. म्हणून पुष्कळदा दिसत नाहीत. ज्या स्वल्पविरामासारख्या वाकड्या, मोठ्या डोक्याच्या दिसतात ते कोष. कोष दिसला म्हणजे दोन दिवसांत डास उडणार.

ऊन-पावसाच्या दिवसांत अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. आणि आपल्या गावांत नळ किती दिवसांनी येतो? इथे बसलेल्यांनी सांगावं. (सभेतून आवाज : आठ दिवसांनी. दहा. आमच्याकडे पंधरा.) ऐकलंत. म्हणजे ज्या मुदतीने नळ येतो, जवळपास त्याच मुदतीने डास तयार होतो. पाणी भरलं की अंडी पडतात आणि दुसऱ्यांदा नळ येईपर्यंत डास उडालेला असतो.

बार्शीचा धडा

हे आजचं नाही. १९७२ चा दुष्काळ तुमच्यापैकी जुन्या माणसांना आठवत असेल. खडी फोडलेले हात आजही या मांडवात आहेत. त्या दुष्काळाच्या पाठोपाठ, १९७३ साली, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुनियाची मोठी साथ आली. बार्शी म्हणजे ज्वारीचा पट्टा, आपलाच कोरडवाहू मुलूख. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, ज्याला आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतात, त्या साथीचा अभ्यास केला. गावात या एडिस डासाची पैदास आढळली आणि लोकसंख्येच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक माणसं आजारी पडल्याची नोंद झाली.

त्यानंतर देशात बत्तीस वर्षं चिकुनगुनियाची मोठी साथ आली नाही. लोक नाव विसरले. डास मात्र कुठे गेला नव्हता. २००५ च्या अखेरीस ती परत आली आणि २००६ मध्ये आंध्र, कर्नाटक, महाराष्ट्रात गावंच्या गावं आडवी पडली. सरकारी आकड्यांप्रमाणे त्या एका वर्षात देशभरात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्ण होते, त्यांतले अडीच लाखांहून अधिक आपल्या महाराष्ट्रातले. आपल्या खेड्यांत किती नोंदीच झाल्या नाहीत, ते आपल्याला माहीत आहे. चिकुनगुनियाने माणूस सहसा मरत नाही म्हणून त्याची बातमी मोठी होत नाही. पण ज्याचे सांधे धरले त्याला विचारा. बसलेला उठता येत नाही, विळ्याची मूठ धरता येत नाही, आणि हे महिना-महिना, काहींचं वर्षभर. आफ्रिकेत १९५२ च्या साथीत या रोगाला नाव पडलं, त्याचा तिथल्या बोलीत अर्थच वाकवून टाकणारा असा आहे. निंदणाला बसणाऱ्या बाईला यापेक्षा वाईट काय होणार?

दुष्काळ आणि हा डास यांचं नातं लक्षात घ्या. पाऊस जास्त झाला तर मच्छर वाढतात हे खरं, पण पाऊस कमी झाला तरी हा मच्छर वाढू शकतो. कारण पाणी कमी झालं की माणूस साठवतो, आणि साठवण वाढली की याची घरं वाढली. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा टँकरपुढे रांगेत काय होतं? ड्रम, टिपाडं, घागरी, बादल्या, तेलाचे डबे. जे हाताला लागेल ते.

आजीचा सवाल

गेल्या महिन्यात आम्ही काही जण बॅटऱ्या घेऊन एका गावात घरोघर फिरलो. गावाचं नाव सांगत नाही, सगळीकडे तेच आहे. दारात रांजण, न्हाणीत सिमेंटचं टाकं, मागे दोन-तीन ड्रम, संडासाच्या भिंतीला लागून बांधलेला छोटा हौद. आम्हाला वाटलं होतं, गोठ्यातल्या डोणीत सगळ्यात जास्त अळ्या सापडतील. तसं झालं नाही. डोणीतलं पाणी बैल रोज पिऊन संपवतात, रोज नवं पडतं. अळ्या सापडल्या त्या जिथलं पाणी कोणी हलवत नाही तिथे. संडासाच्या हौदात, कारण संडास वापरात नाही, हौद भरलेला. मागच्या तिसऱ्या ड्रममध्ये, जो अडीअडचणीसाठी राखून ठेवलेला. उन्हाळा संपून तीन महिने झाले तरी न रिकामा केलेल्या कूलरच्या टाकीत. आपल्या वऱ्हाडात तर घरटी कूलर. टिनावर वजन म्हणून ठेवलेल्या जुन्या टायरात. एका घरात पाखरांसाठी टांगलेल्या वाडग्यात. आणि शेतावर, फवारणीसाठी पाणी भरून ठेवलेल्या ड्रममध्ये तर हमखास.

एका आजीच्या रांजणात आम्ही बॅटरी मारली, तिला अळ्या दाखवल्या आणि शहाणपणाने सांगितलं, "आजी, हे पाणी फेकून द्या." आजीने आमच्याकडे असं पाहिलं की आमची मान खाली गेली. म्हणाली, "काहून फेकू बाप्पा? अर्ध्या कोसावरून डोक्यावर आनलं हाये म्या. तुमी आनून देता का दुसरं?"

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. 'आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा, सर्व भांडी रिकामी करा' असं आरोग्य खातं सांगतं. शास्त्राने ते बरोबर आहे. पण ज्याच्या घरी रोज नळ येतो त्याला रिकामं करणं सोपं. ज्याला पुढचं पाणी कधी येईल ते ठाऊक नाही, त्याने भरलेला ड्रम आडवा करायचा, हे सांगणाऱ्याने आधी आजीपुढे उभं राहून बघावं. आम्ही राहिलो.

तेव्हा पाणी न फेकता काय करता येईल, याचा आम्ही त्या गावातल्या बायकांबरोबर बसून विचार केला. पुढचं बरंचसं त्यांनीच सुचवलेलं आहे.

आपण कणगीत जुन्या, सोंडे लागलेल्या ज्वारीवर नवी ज्वारी ओततो का? नाही ओतत. आधी जुनी काढतो, कणगी झाडतो, सारवतो, मग नवी भरतो. पाण्याच्या बाबतीत मात्र नळ आला की अर्ध्या ड्रमवर नवं पाणी ओततो. त्यामुळे तो ड्रम वर्षानुवर्षं खरा रिकामा होतच नाही. तेव्हा एक ड्रम पूर्ण संपवायचा, मगच दुसऱ्याला हात लावायचा. नळ यायच्या दिवशी ड्रम तळाला गेलेले असतात, तोच आपला कोरडा दिवस. शनिवार की सोमवार ते सरकारने सांगायची गरज नाही, नळ येईल तो वार. तळाशी दोन-तीन बादल्या उरल्या असतील तर धडुत्याने गाळून दुसऱ्या भांड्यात घ्या, धुण्याला वापरा, बैलांना दाखवा, नाहीतर परसातल्या वांग्याला घाला. अळी जमिनीवर पडली की मेली.

आणि मग ड्रम घासायचा. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच कोणी करत नाही. एडिसची मादी पाण्यात अंडी टाकत नाही, ती पाण्याच्या कडेला, भांड्याच्या ओल्या भिंतीला चिकटवते. एका वेळी शंभरच्या आसपास. काळे, बारीक, खसखशीहूनही लहान ठिपके. ड्रम नुसता उपडा केला, उन्हात वाळवला, तरी ही अंडी मरत नाहीत. महिनोनमहिने कोरडी राहून, पुन्हा पाणी चढलं की फुटतात. उन्हाळाभर रिकामा पडलेला ड्रम पहिल्या पावसात भरला आणि दहा दिवसांत मच्छर झाले, ते आले कुठून? भिंतीवरच होते. तेव्हा काथ्याने, ब्रशने, काठापासून तळापर्यंत रगडून घासायचं. रांजणाचा खडबडीत काठ आणि सिमेंटच्या टाक्याचे कोपरे सोडायचे नाहीत. घासलेलं पाणी मोरीत, साचेल असं सोडायचं नाही, कोरड्या मातीत टाकायचं.

घासून भरला की झाकायचा. झाकण म्हणून आम्ही त्या गावात काय काय पाहिलं! पाटी, पोतं, फुटका पत्रा, दाराची फळी. डासाला आत जायला बोटभर फट पुरते. त्यापेक्षा जुनं धोतर किंवा लुगडं दुहेरी करून ताणून बांधा, वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आवळा. एक सांभाळा, कापड सैल सोडू नका. मध्ये झोळ पडून ते पाण्याला टेकलं तर मादी त्या ओल्या कापडावरच अंडी घालते. पंधरा दिवसांनी नळ येणाऱ्या गावाला तर झाकण्याशिवाय उपायच नाही. तिथे डासाला दीड चक्र मोकळं मिळतं.

मोठ्या टाक्यात, विहिरीत, न वापरातल्या हौदात गप्पी मासे सोडा. प्राथमिक आरोग्य केंद्रातून मागून आणा. मिळाले नाहीत तर ग्रामसभेत विचारा का मिळाले नाहीत. नदी-ओढ्यात मात्र सोडू नका, तिथल्या आपल्या माशांना ते त्रास देतात. कूलर पुसून कोरडा करून ठेवायचा. टायर एक तर भोक पाडून ठेवायचा, नाहीतर छपराखाली घ्यायचा. संडासाच्या गॅसच्या पाइपाला जाळी बांधायची. यात काही सांगण्यासारखं नाही, कोणालाही जमतं.

औषधाचा डबा

आता एका गोष्टीवर जरा कडक बोलावं लागेल. त्याच गावात एका भावाने आम्हाला मोठ्या अभिमानाने सांगितलं, की अळ्या झाल्या तर तो कपाशीवरच्या औषधाचे दोन थेंब ड्रममध्ये टाकतो आणि अळ्या लगेच मरतात. मरतीलच. ते पाणी लेकरं पितात. भाऊ, २०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यांनी ते प्यायलं नव्हतं, नुसतं अंगावर आणि श्वासात गेलं होतं. आरोग्य खात्याचे लोक साठवणीच्या पाण्यात अळीनाशक टाकतात ते वेगळं, टेमीफॉस नावाचं, आणि ते अगदी मोजून टाकतात. त्यांचं त्यांना करू द्या. शेतातलं औषध घरातल्या पाण्याजवळ थेंबभरही जाता कामा नये. आणि औषधाचा रिकामा कॅन कितीही धुतला तरी पाण्याचा होत नाही. बळकट असतो, झाकण घट्ट बसतं, फुकटात पडतो, हे आम्हालाही कळतं. तरी नाही.

धूर सोडणाऱ्या यंत्राबद्दलही लोक विचारतात. ताप पसरला की गावात संध्याकाळी धूर मारणारी गाडी येते, पुढाऱ्याचा फोटो निघतो. धुराने मरतो तो त्या वेळी उडणारा डास. घरात कपड्यांमागे बसलेला बराचसा वाचतो आणि पाण्यातल्या अळीला तर काहीच होत नाही. नुसते पतंग मारून बोंडअळी आटोक्यात आली असती तर आपण कर्जबाजारी कशाला झालो असतो? शिवाय एकच औषध मारत राहिलं की अळी ते पचवायला शिकते, हे सिंथेटिक पायरेथ्रॉइडने आपल्याला शिकवलं, पुढे गुलाबी बोंडअळीने बीटीतही शिकवलं. मच्छरानेही डीडीटी असंच पचवलं. साथ चढली असताना धूर मारू नये असं आम्ही म्हणत नाही. पण धूर मारला म्हणजे काम झालं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

फरदडीचं उदाहरण यात जास्त लागू आहे. हंगाम संपल्यावर चार शेतांतली पऱ्हाटी उपटली आणि पाचव्याने ठेवली, तर गुलाबी अळी त्या पाचव्याच्या शेतात जगते आणि पुढच्या वर्षी पाचही जणांना खाते. ड्रमचं तसंच आहे. तुम्ही घासला, शेजाऱ्याने नाही घासला, तर डास तुमच्याकडे येणारच. शंभर मीटर त्याला काही लांब नाही. म्हणून आळीतल्या सगळ्या घरांनी एकाच दिवशी घासायचं. नळ आळीला एकाच दिवशी येतो, तेव्हा हे अवघड नाही. आणि भावांनो, हे काम बायकांच्या अंगावर टाकून तुम्ही पारावर बसू नका. दोनशे लिटरचा ड्रम आडवा करून घासायला दोन माणसं लागतात. पाणी आणायचं तिने, भरायचं तिने, घासायचंही तिनेच, आणि ताप आला की बोल लावायचा तिलाच. हे आम्हाला मान्य नाही.

आपली मागणी

इथवर आपल्या हातातलं सांगितलं. पण ड्रम आपल्या घरात आले कशाला, हे विचारल्याशिवाय आम्ही खाली बसणार नाही. हौस म्हणून कोणी दारात टिपाडं मांडत नाही.

२०१९ साली केंद्र सरकारने जल जीवन मिशन जाहीर केलं. घरोघर नळ, माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी. चांगली गोष्ट. पाच माणसांच्या घराला दिवसाचं २७५ लिटर होतं. आठ दिवसांनी एकदा नळ येणार असेल तर त्या घराने एका वेळी २,२०० लिटर साठवलं पाहिजे. म्हणजे दोनशे लिटरचे अकरा ड्रम. बैलजोडीचं वेगळं. कोणाच्या घरी अकरा ड्रम आहेत, हात वर करा. (हशा.) म्हणजे ५५ लिटर कागदावर, आणि जेवढे ड्रम तेवढं पाणी. दारात नळाची तोटी बसली म्हणजे पाणी आलं असं मोजणाऱ्यांनी त्या तोटीतून पाणी कितव्या दिवशी येतं तेही मोजावं.

आपली मागणी रोज पाण्याची आहे, ती आपण सोडत नाही. पण ती पुरी होईपर्यंत दोन गोष्टी ताबडतोब व्हायला हव्यात. पहिली, नळाचा वार आणि वेळ ठरलेली असावी आणि ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलेली असावी. पाणी नक्की कधी येणार हे माहीत असेल तरच आजी तळाचं पाणी वापरून ड्रम मोकळा करेल. नाहीतर तिने का करावा? दुसरी, दोन पाण्यांमधलं अंतर कोणत्याही परिस्थितीत सात दिवसांच्या वर जाऊ नये. हा सात दिवसांचा आकडा आम्ही मनाने काढलेला नाही, तो डासाने ठरवलेला आहे. ग्रामसभेत, पंचायत समितीत हाच आकडा धरून बोला. पाणीपट्टी भरताना पावतीच्या मागे मागच्या तीन महिन्यांत नळ कोणत्या तारखांना आला ते लिहून ठेवा. साथ आली आणि साहेब गावात स्वच्छतेचं भाषण करायला आले, तर त्या तारखा त्यांच्यापुढे ठेवायच्या.

आणि ताप आलाच तर. अचानक जोराचा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, हाडं मोडल्यासारखी अंगदुखी, अंगावर पुरळ, ही डेंग्यूची लक्षणं. त्यावर खास असं औषध नाही. तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, मीठ-साखरेचं पाणी, पेज, ताक. अॅस्पिरीन नको, आयब्रुफेन नको, डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन नको; त्यांनी रक्तस्राव वाढतो. डॉक्टर द्यायला लागले तर हात जोडून नाही म्हणा आणि डेंग्यूची तपासणी करू द्या असं सांगा. ताप उतरतो तो काळ जास्त जपायचा. पोटात कळा, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार, लघवी कमी, माणूस बेचैन किंवा सुस्त, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. तापाच्या दिवसांत रोग्याला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा, कारण त्याला चावलेला डासच पुढे आठ-दहा दिवसांनी घरातल्या दुसऱ्याला रोग देतो. आमच्या त्या कार्यकर्त्याच्या घरी धाकट्याला ताप आला तो बहुधा असाच.

हे सगळं सांगताना टेबलावरच्या या काचेच्या बरणीकडे तुमचं लक्ष गेलं असेल. यातलं पाणी या कार्यालयाच्या मागच्या दोन ड्रमपैकी एकातून आम्ही सकाळी काढलं. स्वयंपाक दुसऱ्या ड्रमच्या पाण्याने झालाय, तो झाकलेला होता, घाबरू नका. जेवणाआधी एकेकाने येऊन बघून जा. वाकलात की सावलीने त्या तळाला जातील. क्षणभर थांबा, वर येतात. आणि दाराशी वही घेऊन पोरं बसली आहेत, त्यांना आपापल्या गावाच्या नळाच्या तारखा सांगून मगच पंगतीला बसा.